पाचच्या बातम्या, आवाजासकट

आमच्या घरात टीव्हीचा आवाज कायम शून्यावर असतो. एकदा आई चुकून रिमोटवर बसली आणि तो शंभरावर गेला. मी तेव्हा कामासाठी परगावी होते. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने दोन दिवस कळ सोसली आणि तिसऱ्या दिवशी ती तणतणत खाली आली, तेव्हा आई-बाबा मजेत बातम्या बघत बसले होते. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. मला येतं. त्यामुळे दाराची बेल, गळक्या नळाची टपटप आणि शेजारणीच्या तक्रारी ही तिन्ही खाती लहानपणापासून माझ्याकडे आहेत.

घरातलं आमचं बोलणं हातांनीच चालतं. इथे मी ते शब्दांत लिहितेय एवढंच. आणि घरात जे फुकट शिकले, त्यावरच आता माझं पोट भरतं. मी एका लहानशा दूरचित्रवाणी केंद्रात पाचच्या बातम्या खुणांच्या भाषेत सांगते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पोस्टाच्या पाकिटाएवढी एक चौकट असते, तिच्यात मी असते. माझे पाय कुणी कधी पाहिलेले नाहीत. थंडीत मी लोकरी मोजे आणि घरातल्या सपाता घालून बातम्या दिल्या आहेत.

बाबा आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी लावायच्या, त्याही उलट्या, हे त्यांचं काम. यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे जुळारी चाळिशीत कानांनी अधू व्हायचे. बाबा म्हणायचे, माझा तेवढा तोटा आधीच झालेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी छापखान्याचा टाकून दिलेला एक संगणक घरी आणला आणि त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली. मी विचारलं, हा उपद्व्याप कशाला? तर म्हणाले, "आधीच्याचं काही बिघडलं की तो नुसता टुण्ण वाजायचा म्हणे. मला काय कळणार? हा लिहून सांगतो. काळ्यावर पांढरं, ओळीने. आणि मीही लिहून सांगितलं की ऐकतो. या घरात असा एकही माणूस नाही."

मला केंद्रात नोकरी लागली त्या महिन्यात त्यांनी बाजारातून अंगठ्याएवढं एक कॅप्चर यंत्र आणलं. एका बाजूने ते संगणकात खुपसायचं, दुसऱ्या बाजूने त्यात टीव्हीच्या डब्यातून येणारी वायर लावायची, की पडद्यावरचं सगळं संगणकात उतरतं. त्याला आम्ही अंगठाच म्हणतो. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला. संगणकाच्या डोक्यावर एक कॅमेरा लावलेला आहे, बाबा त्याच्यावरून मित्रांशी खुणांनी गप्पा मारतात. संगणकाला कॅमेरा कुठला आणि अंगठा कुठला ते कळेना. त्यामुळे सोमवारच्या बातम्यांऐवजी बाबांची रिकामी खुर्ची अर्धा तास रेकॉर्ड झाली. बाबांनी ती पूर्ण पाहिली, कुठे चुकलं ते शोधलं आणि संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञेतला कॅमेऱ्याचा शून्य खोडून अंगठ्याचा एक केला. तेव्हापासून रोज पाचला दोन मिनिटं कमी असताना संगणक आपलाआपण कामाला लागतो. तारखेच्या नावाने रोज एक फाइल. तीन वर्षांत साडेसातशेच्या वर फाइली झाल्या.

हे सगळं प्रेमापोटी चाललंय असं वाटून मला आधी भरून वगैरे आलं होतं. मग कळलं की हा प्रूफ तपासायचा धंदा आहे. मी दमून घरी यायची, चपला काढायच्या आत बाबांनी चित्र थांबवून ठेवलेलं असायचं.

"हे काय आहे?"

"धरण."

"हे धरण? तुझी करंगळी झोपली आहे. हे धरण गळतंय."

"बाबा, बातमी तीन सेकंदांची होती."

"मी दिवसाला चार पानं लावायचो. एक अक्षर झोपलेलं नसायचं."

आई मला मागून खूण करायची, सोडून दे. मी काही सोडत नसे. आमचं भांडण जेवायला बसेपर्यंत चालायचं, आणि जेवताना हात गुंतलेले असल्यामुळे आपोआप मिटायचं.

एका शनिवारी संचालकबाईंनी मला खोलीत बोलावलं. केंद्र सकाळचा तासाभराचा नवा कार्यक्रम सुरू करणार होतं, आणि त्यात खुणा करणारी व्यक्ती कोपऱ्यातल्या पाकिटात असणार नव्हती. निवेदकाच्या शेजारी उभी, डोक्यापासून पायापर्यंत. अर्ज बरेच आले होते. "उद्याचा रविवार आहे तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "सोमवारी दुपारी बारापर्यंत समितीला प्रत्येकाचा पाच मिनिटांचा नमुना हवाय. प्रसारित झालेल्या कामाचा, आणि गेल्या वर्षातला. आणि आवाजासकट द्या हं. समितीतल्या लोकांना खुणा येत नाहीत. निवेदक काय म्हणतोय ते ऐकू आल्याशिवाय तुम्ही ते किती नेमकं सांगताय, त्यांना कसं कळणार?"

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की बाईंच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी जिन्यात पाच मिनिटं नुसती बसून राहिले. पाकिटाएवढ्या चौकटीतल्या खुणा म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत. बाबांचे मित्र मला भेटले की सांगतात, आम्ही टीव्हीला नाक लावून बसतो. सकाळच्या कार्यक्रमात त्यांना खुर्चीत टेकून बसता आलं असतं.

केंद्रात महिन्यापलीकडचं चित्र पुसून टाकतात, जागा नसते म्हणून. पण मला काळजी नव्हती. माझ्याकडे बाबा होते.

नमुना कुठला द्यायचा यावर दुमत नव्हतं. बकरीचा. आमच्या केंद्राचा निवेदक इतका नीटनेटका माणूस आहे की सगळे त्याला इस्त्री म्हणतात. गेल्या वर्षी एका सभेत बकरी शिरली आणि अध्यक्षांच्या भाषणाची चार पानं खाऊन गेली, ही बातमी तो वाचत होता. "अध्यक्षांनी उरलेलं भाषण" इथपर्यंत तो आला आणि फुटला. त्याला हसू आवरेना. हातातले कागद त्याने टेबलावर आपटले, पाणी प्यायला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फुटला. असं साडेतीन मिनिटं चाललं. ऐकणाऱ्यांना मजा आली. पण न ऐकणाऱ्यांना आवाज न करता थरथरणारा एक माणूस दिसला असता. म्हणून मी बकरी झाले, अध्यक्ष झाले, ते भाषण चावून गिळलं, आणि मधेमधे इस्त्रीचं हसणंही सांगितलं: आता दाबतोय, आता नाकातून सुटतंय, आता गेलं. त्या दिवशी बाबांनी चूक काढली नव्हती. तीन वर्षांत तो एकच दिवस.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबांनी ती फाइल काढली. त्यांचा थाट असा, की जणू पुतळ्याचं अनावरण आहे. मी पिशवीतून हेडफोन काढून संगणकाला लावले. घरात स्पीकर नाही, कोण घेणार?

बकरी आली. अध्यक्ष आले. इस्त्री लालबुंद होऊन थरथरत होता. हेडफोनमध्ये ठार शांतता.

मी वायर हलवून पाहिली. दुसरी फाइल उघडली, तिसरी, दहावी. साडेसातशे फाइलींमध्ये एक चिटपाखरूही बोलत नव्हतं.

"बाबा, आवाज कुठाय?"

"कसला आवाज?"

"टीव्हीचा!"

बाबांनी माझ्याकडे, मग संगणकाकडे पाहिलं. "तो वेगळा घ्यायचा असतो?"

मी डब्याच्या मागे वाकून पाहिलं. वायर तीन तोंडांची होती. पिवळं तोंड अंगठ्यात व्यवस्थित बसलेलं, ते चित्राचं. लाल आणि पांढरं आवाजाचं, आणि ती दोन्ही आईच्या शिवणाच्या डब्याभोवती गच्च आवळलेली होती, कारण त्याचं झाकण सैल झालं होतं. तीन वर्षं. आणि मीही तीन वर्षं या फाइलींवरून रोज भांडले होते, पण एकदाही मला वाटलं नाही की यात आवाज नाही. या खोलीत आवाज नसणं हेच मला घरात असल्यासारखं वाटतं.

बाबा खुर्चीत मागे टेकले. त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. आमच्या घरात हात पडलेले असणं म्हणजे फार वाईट. "इतकी पानं लावली," शेवटी ते म्हणाले, "आणि शाईच लावली नाही."

मला राग आला होता, रडूही येत होतं. मग मला कुलूपकाका आठवले.

कुलूपकाका केंद्राच्याच इमारतीत खाली रेडिओ विभागात आहेत. बातम्यांचा आवाज संध्याकाळी रेडिओवर पुन्हा लावतात, म्हणून तो वेगळा साठवतात, आणि एकदा साठवलेलं पुसायचं म्हटलं की काकांचा जीव जातो. कपाटाच्या किल्ल्या ते कमरेला बांधून हिंडतात. मी फोन केला. "बकरीवाला भाग ना?" ते म्हणाले. "पोरी, तो तर मी माझ्या मोबाइलवर ठेवलाय. मन खिन्न झालं की ऐकतो. थांब, पाठवतो."

म्हणजे केंद्राकडे आवाज होता आणि आमच्याकडे चित्र. दोन्ही एकावर एक ठेवायचं, की झालं. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

तास गेला. आवाज कधी पुढे पळायचा, कधी मागे राहायचा. काहीतरी चुकतंय हे कानाला कळायचं, पण नेमकं किती आणि कुठे ते कळेना. मी आवाज इकडून तिकडे ढकलत होते आणि चिडत होते. बाबा शेजारी बसून पडद्यावरचा हिरवा पट्टा बघत होते. आवाज संगणकात असा दिसतो: मोठा असला की फुगलेला, बारीक असला की चिंचोळा, गप्प असला की नुसती रेघ.

"हा त्याचा आवाज आहे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग सरक. जुळवायचं काम माझं आहे."

त्यांनी चष्मा पुसला. इस्त्रीचं चित्र त्यांनी एकेक पाऊल पुढे नेलं, सेकंदाचे पंचवीस तुकडे असतात, त्यातला एकेक. "काय म्हणतो तो सुरुवातीला?" मी लिहून दिलं: आता ठळक बातम्या. बाबांनी मान हलवली. "'बा'ला ओठ मिटतात. उघडले की आवाज सुटतो. मग 'म्या'ला पुन्हा मिटतात. दोन फुगे, मधे कंबर." आणि त्यांनी हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं. दोन फुगे होते. मधे कंबर होती. त्यांनी ती कंबर उचलून इस्त्रीच्या मिटलेल्या ओठांखाली आणून ठेवली.

मी हेडफोन लावले. "आता ठळक बातम्या," इस्त्री म्हणाला, आणि त्याच्याच तोंडाने म्हणाला.

मी बाबांच्या टकलावर मुका घेतला. त्यांनी मला हाताने झटकलं, काम चालू होतं. पण बकरीपर्यंत येता येता आवाज पुन्हा अर्धा सेकंद मागे पडला. बाबा म्हणाले, संगणक जुना आहे, दमला की मधली चित्रं गाळतो. चित्र आखूड झालं, आवाजाची ओळ लांब राहिली. छापखान्यात ओळ लांब झाली की शब्दांमधल्या फटी थोड्याथोड्या कमी करायच्या, कुणालाच न कळतील इतक्या. तेच त्यांनी केलं. इस्त्रीने जिथे जिथे श्वास घेतला होता, तिथली रेघ शोधून तिच्यातलं केसाएवढं कापलं. हसण्याच्या जागी मात्र ते अडले. हसताना ओठ कशालाच धरून नसतात.

"कागद आपटतो बघा," मी म्हटलं.

त्यांनी आपटलेल्या कागदाचं चित्र शोधलं, पट्ट्यात खिळ्यासारखी उभी राहिलेली रेघ शोधली आणि दोन्ही एकत्र ठोकलं. बस्. पक्कं बसलं.

जेवायची वेळ होऊन गेली होती. आई दोनदा दिवा उघडझाप करून गेली, म्हणजे आमच्याकडे जेवायला हाक. बाबा हलेनात. ते हसण्याचा पट्टा बघत होते, एकापाठोपाठ एक फुगे, लहान होत जाणारे, मधेच परत एक मोठा.

"हसणं असं दिसतं?"

"त्याचं असं दिसतं. प्रत्येकाचं वेगळं."

"तुझं दाखव."

मी कॅमेऱ्याजवळच्या मायक्रोफोनसमोर हसले. आधी खोटं, मग त्यांचा गंभीर चेहरा बघून खरंच. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, "आता तुम्ही." त्यांनी मान हलवली, नाही.

त्याचं कारण मी आहे. लहानपणी बाबा मला आवाजाने हाक मारायचे. आऊवा, असं काहीतरी. माझ्या नावासारखं मुळीच नव्हतं, पण मीच ती आऊवा हे मला माहीत होतं. मी सात वर्षांची असताना विसरलेली वही घेऊन ते शाळेच्या फाटकाशी आले आणि तिथून त्यांनी हाक मारली. पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन मी त्यांना सांगितलं, बाहेर आवाज काढू नका. आपला आवाज कुठवर जातो हे त्यांना कळणार कसं? म्हणून त्यांनी तो घरातही बंद केला. त्यानंतर मला हाक म्हणजे खांद्यावर थाप, नाहीतर जमिनीवर पाय आपटणं. मी कधी माफी मागितली नाही. सुरुवातीला कळत नव्हतं म्हणून, नंतर लाज वाटत होती म्हणून.

सोमवारी दहा वाजता नमुना संचालकबाईंच्या टेबलावर होता. गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. समितीतल्या एका गृहस्थांनी बकरी तीनदा लावायला सांगितली होती, तिसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि तरीही ते हसले होते. "चांगले बूट घ्या," बाई म्हणाल्या. "आता पाय दिसणार."

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी मी नवे बूट घालून उभी राहिले. तासभर हात पसरायला जागाच जागा होती. बाबांच्या मित्रांचे निरोप दुपारपर्यंत येत होते, सगळ्यांचा मजकूर एकच: आज खुर्चीत टेकून पाहिलं.

घरी आले तर बाबा दारातच उभे. "आता बघ," त्यांनी सांगितलं. शिवणाच्या डब्याला नाडी बांधलेली होती आणि लाल-पांढरी तोंडं अंगठ्यात बसलेली होती. आज्ञेत त्यांनी आवाजासाठी नवी ओळ लिहिली होती. पट्टाही त्यांनी तपासला होता, फुगे आहेत. माझे हेडफोन तर त्यांनी आधीच लावून ठेवले होते.

चित्रात मी होते, डोक्यापासून बुटांपर्यंत. पण आवाज निवेदकाचा नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कप खाली ठेवल्याचा. कुणीतरी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्या आईच्या, तिच्या बांगड्यांसकट. मला क्षणभर कळेना. मग उमगलं. वायरी बरोबर होत्या, पण बाबांच्या नव्या ओळीने आवाज अंगठ्याचा उचलण्याऐवजी कॅमेऱ्याजवळच्या मायक्रोफोनचा उचलला होता. रिकाम्या खुर्चीची चूक पुन्हा, या वेळी कानांची.

आणि मग माझ्या पहिल्या खुणेवर, खोलीतून, खरखरीत, मोठ्ठ्याने: "आऊवा!"

आणि पुन्हा. "आऊवा! आऊवा!"

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. बाबा माझा चेहरा वाचत होते. तो त्यांना प्रुफासारखा वाचता येतो.

"चुकलं? रडतेस का? थांब, दुरुस्त करतो."

त्यांचा हात बटणांवर जायच्या आत मी धरला. तो सोडल्याशिवाय मला बोलता येईना, म्हणून सोडला. "यात तुम्ही आहात," मी म्हटलं. "तुम्ही मला हाक मारलीत."

त्यांचा चेहरा पडला. त्यांना ते माहीतच नव्हतं. "बाहेर गेला का आवाज?"

मी हिरवा पट्टा मोठा केला आणि त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं. एक फुगा, कंबर, दुसरा फुगा. "ही मी," मी सांगितलं. "हे माझं नाव आहे. शाळेत मी चुकले होते, बाबा. फार चुकले होते. आता परत मारा."

त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती. मी ती लावली नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने दोन्ही हातांनी सांगितलं, मारा की. मग त्यांनी श्वास घेतला आणि मला हाक मारली, अशी की टेबलावरचा कप थरथरला. मी "ओ" दिली. त्यांनी माझे ओठ पाहिले आणि आणखी मोठ्याने मारली.

दोन मिनिटांत बेल वाजली. ते खातं माझंच. दारात वरची शेजारीण, घाबरलेली, हातात लाटण्यासारखी धरलेली टॉर्च.

"काय झालं? कोण ओरडतंय?"

"बाबा," मी डोळे पुसत म्हटलं. "मला हाक मारताहेत."